गाडी व्यवस्थित पळतेय, तरी दिवा का लागलाय?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

“सहा महिन्यांपूर्वी आम्ही एक जुनी गाडी घेतली. घेतली तेव्हापासून एअरबॅगचा दिवा लागलेलाच आहे. माझा दादा म्हणतो, ‘सेन्सर गेला असेल, गाडी व्यवस्थित पळतेय ना?’ मेकॅनिक म्हणाला, ‘डोळ्यांना खुपत असेल तर दिवा बंद करून देतो.’ आता पंधरा दिवसांपासून आणखी एक लाल दिवा, गोलात उद्गारचिन्ह असलेला, वळणावर क्षणभर लागतो आणि विझतो. हँडब्रेक तर खालीच असतो. मागे माझी दोन मुलं बसलेली असतात, त्यामुळे जीव थाऱ्यावर राहत नाही. कोणता दिवा लागला की तिथेच थांबायचं आणि कोणता लागला तर घरापर्यंत जाता येतं, हे एकदा नीट सांगाल का? पुढच्या आठवड्यात लांब जायचं आहे आणि वाटेत मोठा घाट आहे. आणि दादाला कसं पटवू?”

ताई,

आधी वळणावर चमकणाऱ्या त्या लाल दिव्याचं बोलू. बाकी सगळं बाजूला ठेवून आज, फार तर उद्या सकाळी, ते काम करून घ्या.

बॉनेट उघडलं की बहुतेक गाड्यांत मागच्या अंगाला, काचेजवळ, ड्रायव्हरच्या समोर एक छोटी पांढुरकी डबी दिसते. तिच्यात ब्रेक ऑइल असतं. डबीवर वर एक आणि खाली एक अशा दोन खुणा असतात आणि आतली पातळी बाहेरून दिसते. डबीत एक तरंगता भाग बसवलेला असतो. पातळी खालच्या खुणेपाशी आली की तो खाली जातो आणि दिवा लागतो. वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, तरंगता भाग तेवढ्यापुरता खाली जातो, गाडी सरळ झाली की पुन्हा वर येतो. म्हणजे तुमच्या डबीतलं ऑइल बहुधा अगदी खालच्या खुणेपाशी आलेलं आहे.

ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं खर्च होत नाही. ते बंद नळ्यांमध्ये भरलेलं असतं. मग पातळी खाली जाते ती दोनच कारणांनी. एक, ब्रेक पॅड, म्हणजे चाकाच्या चकतीवर दाबून गाडी थांबवणारे तुकडे, झिजले की चाकाजवळचे पिस्टन झिजेच्या मापाने बाहेर सरकतात आणि त्यांच्या मागे जास्त ऑइल जाऊन बसतं. ही नेहमीची झीज आहे. पॅड बदलले की प्रश्न मिटतो. दुसरं कारण म्हणजे गळती. त्यात धोका आहे, आणि बाहेरून बघून दोन्हींतला फरक कळेलच असं नाही. म्हणून कुणी “अर्धी बाटली ओतून देतो, दिवा जाईल” म्हणालं तर तेवढ्यावर थांबू नका. चारही चाकं काढून पॅड आणि शू (ड्रमच्या ब्रेकमधले तसेच भाग) किती उरलेत ते बघायला सांगा, चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते बघायला सांगा. ओतलेल्या ऑइलने दिवा विझतो, पण गळती असेल तर ती तशीच राहते.

तोवर एक गोष्ट घरीच करून बघा. गाडी उभी असताना इंजिन चालू करून ब्रेकचं पेडल दाबून धरा. ते घट्ट लागलं पाहिजे आणि तिथेच टिकलं पाहिजे. हळूहळू खाली जात असेल, स्पंजासारखं मऊ लागत असेल, किंवा पूर्वीपेक्षा खूप खोल जात असेल, तर ती गाडी स्वतः चालवत गॅरेजलाही नेऊ नका. टो करून न्या. ब्रेकच्या नळ्या दोन वेगळ्या भागांत विभागलेल्या असतात, त्यामुळे एक भाग गेला तरी दुसरा थोडंफार काम करतो. पण त्या उरलेल्या ब्रेकवर गाडी थांबायला बरंच जास्त अंतर घेते.

आता दादाचा मुद्दा. “गाडी पळतेय ना व्यवस्थित?” हा प्रश्न इंजिनाच्या बाबतीत थोडाफार चालतो, ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगच्या बाबतीत तो अजिबात चालत नाही. या तिन्हींचं काम गाडी पळवणं नाहीच. अपघाताच्या किंवा जोरात ब्रेक मारण्याच्या त्या एका क्षणी त्यांची गरज लागते, आणि तो क्षण येईपर्यंत ती बिघडलेली आहेत की चांगली, हे गाडी चालवून कळायला मार्ग नसतो. म्हणून तर त्यांच्यासाठी दिवा बसवलेला असतो. दादाला एवढंच विचारा: एअरबॅग बंद पडली असती तर गाडी वेगळी पळाली असती का?

तुम्ही विचारलंत, कोणता दिवा लागला की थांबायचं. रंगांची पद्धत सगळीकडे साधारण सारखी आहे. ही चिन्हं आणि त्यांचे रंग आयएसओ 2575 या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवलेले आहेत. लाल म्हणजे धोका, पिवळा किंवा नारिंगी म्हणजे लवकर दाखवा, हिरवा आणि निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढीच खबर. पण नुसता रंग पुरत नाही. लाल दिवा लागल्यावर हातात किती वेळ असतो, ते प्रत्येक दिव्याचं वेगळं आहे, आणि एका बाबतीत तर नेमकं उलटं वागावं लागतं.

सगळ्यात कमी वेळ इंजिन ऑइलच्या दिव्याला. तोटीतून थेंब पडणाऱ्या झारीचं चित्र. लाल असेल तर तो ऑइल किती आहे हे सांगत नाही, ऑइलचा दाब गेला असं सांगतो. इंजिनाच्या आत फिरणारे भाग ऑइलच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असतात. दाब गेला की लोखंडावर लोखंड घासतं. अशा वेळी “पुढच्या पंपापर्यंत जाऊ” हा विचार इंजिन जाम करू शकतो. बाजूला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. दहा मिनिटं थांबून, सपाट जागेवर, दांडी काढून पातळी बघा. कमी असेल तर भरा. भरून इंजिन चालू केल्यावरही दिवा जात नसेल तर ते लगेच बंद करा, आणि पातळी मुळातच बरोबर असेल तर इंजिन पुन्हा चालू करू नका.

त्यानंतर तापमान. पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरचं लाल चित्र. इथे थोडी उसंत असते, पण मिनिटांचीच. एसी बंद करा, हीटर सगळ्यात गरम करून पंखा पूर्ण सोडा; गाडीत उकाडा होईल, पण ती उष्णता इंजिनातूनच बाहेर येत असते. पहिल्या सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करा. मग हात लावू नका. कूलंट दाबाखाली असतं, त्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण उघडलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी आणि वाफ थेट तोंडावर येते. अशा भाजण्याचे व्रण जन्मभर राहतात. निदान अर्धा तास इंजिन निवू द्या. आणखी एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा: कूलंट पूर्ण गळून गेलं तर सेन्सरभोवती पाणीच उरत नाही आणि काटा खाली आलेला दिसू शकतो. बॉनेटखालून वाफ येतेय आणि काटा मात्र उतरलाय, तर “निवली वाटतं” असं समजून पुढे जाऊ नका.

हाच थर्मामीटर निळ्या रंगात दिसला तर इंजिन अजून थंड आहे एवढाच अर्थ. थोडा वेळ जोरात रेस करू नका, बाकी काही नाही.

उलटं वागावं लागतं ते बॅटरीच्या दिव्याच्या वेळी. हा दिवा गाडी चालू असताना लागला तर बहुतेक वेळा दोष बॅटरीचा नसतो, तिला चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा किंवा त्याच्या बेल्टचा असतो. गाडी आता फक्त बॅटरीत साठलेल्या विजेवर चालली आहे. इथे इंजिन बंद केलंत तर ते पुन्हा चालू होईलच याची खात्री नाही. म्हणून इंजिन बंद न करता, एसी, म्युझिक, मागच्या काचेचा हीटर असं सगळं बंद करून जवळच्या गॅरेजकडे जा. रात्र असेल तर हेडलाइट लागणारच, म्हणजे अंतर आणखी कमी. पण एक अपवाद: बऱ्याच गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. बॅटरीचा दिवा लागला आणि पाठोपाठ तापमान चढायला लागलं किंवा स्टिअरिंग जड झालं, तर बेल्ट तुटलेला असण्याची शक्यता मोठी. मग थांबा आणि इंजिन बंद करा.

स्टिअरिंगचा लाल दिवा लागला तर वळवणं जातं असं नाही, वळवायला मिळणारी मदत जाते. दोन्ही हातांनी जोर लावून गाडी बाजूला घेता येते. भीती वाटते ती अचानक आलेल्या जडपणाची, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं. आणि कुठलाही दिवा लागला तरी गाडी चालत असताना चावी काढायची नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरतीच उरते, आणि चावी बाहेर काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. आधी गाडी थांबवा, मग चावी.

पिवळ्या दिव्यांत लोक सगळ्यात जास्त घाबरतात इंजिनाच्या चित्राला, आणि बहुतेक वेळा विनाकारण. तो स्थिर लागलेला असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर आठवडाभरात गॅरेजमध्ये स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लावून घ्या. काही गाड्यांत पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट न लागल्यामुळेही तो लागतो. झाकण आवळल्यावर लगेच जात नाही, गाडी काही वेळा चालू-बंद झाल्यावर जातो. मात्र तोच दिवा लुकलुकत असेल तर प्रकरण वेगळं. तेव्हा इंजिन मिसिंग करत असतं, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून भाजून निघतो. तो भाग फार महाग असतो. वेग कमी करा, पाय हलका ठेवा, आणि लुकलुकणं थांबलं नाही तर गाडी उभी करा.

टायरच्या हवेचा दिवा अनेक जण आठवडेच्या आठवडे तसाच ठेवतात. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे हवा ठरलेल्या दाबापेक्षा पंचवीस टक्के कमी होईपर्यंत दिवा लागणं बंधनकारक नाही. म्हणजे तो लागेपर्यंत टायर बराच बसलेला असू शकतो. आधी खाली उतरून चारही टायर बघा. हवा गाडी थंड असताना मोजा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. गरम टायरचा आकडा जास्त दिसतो म्हणून हवा सोडू नका. चावी फिरवल्यावर हा दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल, तर हवा नाही, मोजणारी यंत्रणाच बिघडली आहे.

एबीएसचा एकटा पिवळा दिवा लागला तर साधे ब्रेक चालू असतात. फक्त करकचून दाबल्यावर चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते आणि तेव्हा स्टिअरिंग ऐकत नाही. पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवून गॅरेजला जाता येतं. पण एबीएसचा पिवळा आणि ब्रेकचा लाल असे दोन्ही एकदम लागले, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही गेलेली असू शकते, आणि मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. ही जोडी दिसली की थांबायचं. घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला दिवा मात्र लुकलुकत असेल तर घाबरू नका. गाडीला घसरू न देणारी यंत्रणा काम करतेय, रस्ता निसरडा आहे एवढंच.

आता तुमच्या एअरबॅगकडे येते.

त्या यंत्रणेचं युनिट गाडी चालू असेपर्यंत आपल्या सगळ्या जोडण्या तपासत असतं. कुठे दोष सापडला की दिवा लावतं. दिवा लागलेला असताना अपघात झाला तर एखादी बॅग, किंवा सगळ्याच, उघडतील असं धरून चालता येत नाही. त्याच यंत्रणेत बहुतेक गाड्यांत सीटबेल्टचे प्रीटेन्शनरही असतात, म्हणजे धडकेच्या क्षणी पट्टा खेचून अंगाशी घट्ट करणारे भाग. तेव्हा बिघाड बॅगेपुरताच आहे असंही समजू नका.

कारण किरकोळ असू शकतं. सीट मागे-पुढे करताना किंवा सीटखाली साफसफाई करताना तिथला कनेक्टर सैल होतो. हे गॅरेजमध्ये नेहमी दिसणारं कारण आहे. स्टिअरिंगमागची गुंडाळलेली पट्टी तुटली तरी दिवा लागतो, आणि तेव्हा हॉर्नही अधूनमधून वाजेनासा होतो. तुमचा हॉर्न नीट वाजतो का, तेवढं बघून ठेवा. पण मला काळजी वाटते ती दुसऱ्या शक्यतेची. तुम्ही गाडी जुनी घेतली आणि दिवा पहिल्या दिवसापासून आहे. गाडीचा आधी अपघात होऊन बॅग उघडली असेल आणि आधीच्या मालकाने नुसतं कव्हर बसवून गाडी विकली असेल, हे नाकारता येत नाही. उघडलेली बॅग, वापरले गेलेले प्रीटेन्शनर पुन्हा चालत नाहीत, नवे बसवावे लागतात. स्कॅनरवर युनिटमध्ये नोंदलेले कोड वाचता येतात, धडकेची नोंद असेल तर बहुधा तीही दिसते. कोड नुसता पुसून देऊ नका, आधी कागदावर घ्या. बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा प्रयत्नही करू नका. आणि या यंत्रणेच्या पिवळ्या वायरींना घरी कुणीही, कितीही हौस असली तरी, हात लावायचा नाही.

मेकॅनिकने देऊ केलेल्या “सेवेला” स्पष्ट नाही म्हणा. दिवा बंद करणं म्हणजे ताप आलेल्या मुलाचा थर्मामीटर फोडणं. काही जण दिव्याची वायर तोडतात, काही जण बॅगेच्या जागी छोटा रेझिस्टर जोडून युनिटची फसवणूक करतात. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण मग सगळं ठीक आहे असंच दिसतं.

तुमच्या गाडीत असं आधीच काही केलेलं आहे का, ते एका मिनिटात पडताळता येतं. इंजिन चालू न करता चावी शेवटच्या टप्प्याच्या आधीपर्यंत फिरवा. मीटरमधले जवळजवळ सगळे दिवे लागले पाहिजेत. ती गाडीची स्वतःची तपासणी असते. बहुतेक गाड्यांत एअरबॅग आणि एबीएसचे दिवे काही सेकंदांत आपोआप विझतात, तर ऑइल आणि बॅटरीचे दिवे इंजिन चालू होईपर्यंत लागलेले राहतात. जो दिवा मुळात लागतच नाही, तो विझलेला नाही, गेलेला आहे. आणि एअरबॅगचा दिवा बॅटरीच्या दिव्याबरोबर, बरोबर त्याच क्षणी विझत असेल, तर कुणीतरी एकाची वायर दुसऱ्याला जोडली असल्याचा संशय घ्यावा. गाडी विकत घेताना प्रत्येकाने ही तपासणी करावी. दादाला याच कामासाठी शेजारी बसवा आणि चावी त्याच्या हातात द्या. भावाशी वाद घालून जे होणार नाही, ते मीटरकडे दोघांनी मिळून बघितल्यावर होईल. तो तुमच्या काळजीपोटीच “घाबरू नकोस” म्हणतोय, हेही खरं. त्याला चूक ठरवायची गरज नाही, कोडचा कागद वाचायला द्यायची गरज आहे.

राहिला पुढच्या आठवड्याचा प्रवास. ब्रेकचं काम झाल्याशिवाय या गाडीने घाटात जायचं नाही, यात मला काडीचीही शंका नाही. उतारावर ब्रेक सतत तापतात, आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 या नेहमीच्या प्रतीच्या ब्रेक ऑइलला नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत न उकळण्याची अट आहे. पुरेसा ओलावा शिरला की ती मर्यादा 155 वर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय पेडलसकट खाली जातो. तुमच्या गाडीत ते शेवटचं कधी बदललं याची नोंद नसेल, तर पॅड बघताना सगळं ऑइलच बदलून घ्या. उतरताना खालचा गीअर ठेवा, म्हणजे वेग इंजिन धरून ठेवेल आणि ब्रेकला मधूनमधून निवायला वेळ मिळेल.

एअरबॅगचा भाग तेवढ्यात मिळाला नाही तर? दुसरी गाडी मिळत असेल तर तीच न्या. नाहीच मिळाली, आणि ब्रेक पूर्ण तपासून झालेले असतील, तर तुम्ही जाऊ शकता, पण वेग कमी, रात्रीचा प्रवास नाही, आणि पुढे-मागे बसलेल्या प्रत्येकाला पट्टा. मुलं मागेच, त्यांच्या वयाला लागणाऱ्या सीटमध्ये. पट्टा एअरबॅगशिवायही जीव वाचवतो; पट्टा नसेल तर चांगली एअरबॅगही फारशी उपयोगाची नसते. निघण्याआधी प्रत्येक पट्टा झटक्याने ओढून तो अडतो का ते बघा, कारण गाडीचा आधी अपघात झाला असेल तर पट्ट्यांचीही खात्री नाही. एखादा अडत नसेल तर त्या सीटवर कुणाला बसवू नका.

स्कॅनरवर कोणता कोड आला ते लिहून कळवा, म्हणजे पुढे कोणता भाग बदलायचा ते नेमकं सांगता येईल.